रश्श्याच्या बाजूने

गेल्या महिन्यात आमच्या घरात फूट पडली. कारण राजकीय नव्हतं. राजकारणावरून आमच्याकडे फूट पडू शकत नाही, कारण तो विषय निघाला की टीव्हीचा आवाज इतका मोठा असतो की कोणाचं मत काय आहे, हे कोणालाच ऐकू येत नाही. फूट पडली ती मटणावरून. रविवारची सकाळ होती. मी पिशवी घेऊन निघालोच होतो, तेवढ्यात चिरंजीव म्हणाले, "बाबा, आज बोनलेस आणा. रस्साबिस्सा नको. मस्त घट्ट ग्रेव्ही करू."

मी पिशवी खाली ठेवली.

बोनलेस मी सोसलं असतं. ग्रेव्हीही पोटात घातली असती. पण तो 'बिस्सा' माझ्या जिव्हारी लागला. माणूस एखाद्या शब्दाला असं शेपूट लावतो, तेव्हा त्या गोष्टीशी नातं तोडायची त्याची तयारी झालेली असते. 'पूजाबिजा', 'पत्रबित्र', 'पाहुणाबिहुणा' हे शब्द आधी आले आणि मग पूजा, पत्रं आणि पाहुणे घरातून गेले. आता रश्श्याची पाळी आलेली दिसली, म्हणून मी त्याचं वकीलपत्र घेतलं. अशिलाने दिलं नव्हतं, मीच घेतलं.

माझी पात्रता सांगतो. जन्म कोल्हापूरचा, नोकरी पुण्याची. त्यामुळे पुण्यात मला मटणातला अधिकारी पुरुष समजतात. कोल्हापुरात कोणी विचारत नाही, कारण तिथे रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत प्रत्येकजण या विषयातला डॉक्टर असतो. २०१९ च्या अखेरीस त्या गावात मटणाच्या दरावरून रीतसर आंदोलन झालं. इतर गावांतले लोक हसले. मी हसलो नाही. माणसानं पाण्यासाठी रस्त्यावर उतरावं, विजेसाठी उतरावं आणि मटणासाठी मात्र निमूट पैसे मोजावेत, हा कुठला न्याय?

तर आता मुद्द्याचं. ग्रेव्ही आणि रस्सा यांत फरक पातळ-घट्टचा आहे, असं लोकांना वाटतं. तसं नाही. ग्रेव्ही फोडीला चिकटून बसते, रस्सा ताटभर पळतो. ग्रेव्ही फोडीपुरतीच असते. तिचा जन्मच फोडीच्या अंगावर शालीसारखं बसण्यासाठी झालेला. रस्सा स्वतंत्र माणूस आहे. फोडी संपल्या तरी त्याला भाकरीबरोबर जेवता येतं, भाताबरोबर जेवता येतं आणि वाटी तोंडाला लावून एकट्यानंही जेवता येतं. आणि सगळ्यात मोठा फरक असा, की ग्रेव्ही मोजता येते. चार माणसं, चार वाट्या, हिशेब पूर्ण. रश्श्याचा हिशेब कधीच पूर्ण होत नाही. तो करणाऱ्यानं मुद्दामच अर्धा ठेवलेला असतो.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. लहानपणी आमच्या घरात आम्ही नऊ माणसं होतो आणि रविवारी मटण एक किलो. त्याच्या वर जायची वडिलांच्या पगाराची ऐपत नव्हती आणि खाली यायची आमच्या भुकेची तयारी नव्हती. एक किलोच्या फोडी नऊ ताटांत वाटणं, ही आईची रविवारची परीक्षा. एवढ्या मटणात नळ्या दोन आणि आम्ही भावंडं चार. नळी कोणाला, यावरून आमच्यात जी युद्धं झाली त्यांचे तह अजून व्हायचे आहेत. ज्याला नळी मिळे, तो ती ताटावर ठॉक ठॉक आपटून आतला मगज काढी. तो आवाज उरलेल्या दोघांना मुद्दाम ऐकवलेला असे.

पण रश्श्यावरून भांडण झाल्याचं मला एकदाही आठवत नाही. फोडी मोजून पडत, रस्सा ओतून पडे. "आणखी घे की," हे वाक्य आमच्या घरात फक्त रश्श्यापुरतंच उच्चारलं जाई. सबंध आठवडा सगळ्याच गोष्टी मोजून मिळणाऱ्या घरात न मोजता मिळणारी ही एकच गोष्ट होती. तिची किंमत ज्याला साखरही मोजून मिळाली, त्यालाच कळेल.

त्यात रविवारी साडेअकराला दारात कोणीतरी उभं राही. बहुधा मामा. एसटीनं आलेला, आधी कळवायची पद्धत नाही, बरोबर गावाकडचा आणखी एखादा माणूस. वडील म्हणत, "या, या, अगदी वेळेवर आलात." आणि आत आई काही न बोलता पातेल्यावरच्या ताटलीकडे हात नेई.

ही ताटली ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. मटणाला हळद, मीठ, आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण चोळून अर्धा तास ठेवायचं. मग पातेल्यात तेलावर थोडा कांदा परतायचा आणि त्यावर मटण. त्याला स्वतःचं पाणी सुटेपर्यंत हलवत राहायचं आणि मग वर खोलगट ताटली ठेवून तिच्यात पाणी ओतायचं. खाली मटण शिजतं, वर पाणी तापतं. आतली वाफ ताटलीच्या बुडाला थंड होऊन परत मटणावरच पडते, करपण्याची भीती कमी. आणि मटण पाणी मागू लागलं की वरचं गरम पाणी तयार. गार पाणी ओतलं तर उकळी बसते आणि शिजणं लांबतं. असं तासभर, सव्वा तास. जून बोकड असेल तर त्याहून अधिक, आणि तोवर त्याला शिव्या.

तर मामा दारात दिसला की ताटलीतलं पाणी पातेल्यात जाई, कांदा-लसूण चटणीचा एक चमचा वाढे, एक चांगली उकळी येई आणि नऊ माणसांचा रस्सा अकरा माणसांचा होई. मामाला ते कधी कळलं नाही. त्याच्या ताटात दोन फोडी जास्तच पडत. त्या वडिलांच्या आणि आईच्या.

आई शेवटी जेवायला बसे. तिच्या ताटात भाकरी आणि वाटीभर रस्सा. फोड असलीच तर एखादी. विचारलं की म्हणे, "मला रस्साच आवडतो." आता मराठी वाचकाला पुढचं सांगायला नको. मराठी साहित्यातल्या सगळ्या आया शेवटी जेवतात आणि उरलंसुरलं खातात. माझ्याही डोळ्यांत त्या वाटीनं अनेकदा पाणी आणलं. पहिला पगार झाला तेव्हा मी दोन किलो मटण घेऊन घरी गेलो, आईला सगळ्यांच्या आधी पाटावर बसवलं, ताटात सात-आठ निवडक फोडी वाढल्या आणि सद्गदित होऊन समोर बसलो. तिनं ताटाकडे पाहिलं, फोडी एकेक करून बाजूला सारल्या आणि म्हणाली, "ह्यो चोथा कुणाला वाढलास? रस्सा कुठाय?"

मी म्हटलं, "आई, आता तरी फोडी खा."

"आरं खुळ्या," ती म्हणाली, "समदा जीव रश्श्यात उतरलेला असतोय. इतकी वर्सं तुमास्नी चोथा घातला आन् रस्सा मी खाल्ला. तुला आज कळलं व्हय?"

वीस वर्षं जपलेला त्याग एका वाक्यात संपला. पण आईचं शास्त्र पक्कं होतं, हे मला पुढे कळलं. हाडं, सांधे, स्नायूंना बांधून ठेवणारे पांढरे पडदे यांत कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. ते मंद आचेवर, पाण्यात, वेळ घेऊन विरघळतं आणि त्याचं जिलेटिन होतं. रश्श्याला जो अंगचा दाटपणा येतो, ओठ एकमेकांना किंचित चिकटतात, तो त्याचा प्रताप. उरलेला रस्सा फ्रिजमध्ये ठेवला की सकाळी थरथरत्या जेलीसारखा बसलेला दिसतो. तसा बसला तर समजावं की आपण रस्सा केला होता. नाही बसला तर आपण मसाल्याचं पाणी केलं होतं. आता हाडंच काढून टाकली तर हा जीव उतरायचा कुठून? म्हणून बोनलेसवाले शेवटी काजू वाटून घालतात, साय घालतात. घरचं माणूस हाकलून द्यायचं आणि त्याच्या जागी पगारी माणूस ठेवायचं, त्यातला हा प्रकार.

साहेबाच्या देशातही हेच आहे. तिकडे मटण म्हणजे मेंढी आणि कोवळी असेल तर लॅम, एवढाच फरक. आयर्लंडचा प्रसिद्ध स्ट्यू म्हणजे काय? मटणाचे स्वस्त, हाडाळ तुकडे, बरेचदा मानेचे. बटाटे, कांदे आणि पाणी. मंद आचेवर ठेवायचं आणि वाट बघायची. त्यात गाजर घालावं की नाही, यावर तिथले लोक आपल्यासारखेच तावातावानं भांडतात. हा गरिबाघरचा पदार्थ. चांगला भाग परवडत नव्हता, म्हणून वाईट भागातून चांगली चव काढायची विद्या त्यांना आली. जगातले बहुतेक चांगले रस्से असेच ऐपत नसलेल्या माणसांनी शोधून काढलेले आहेत. ऐपत आली की माणूस आधी हाड काढतो, मग रस्सा आटवतो आणि मग चव कुठे गेली म्हणून हॉटेलात शोधायला जातो.

आणि हॉटेलात काय मिळतं? 'मटण कोल्हापुरी'. त्या पदार्थाचा कोल्हापूरशी संबंध फक्त रंगाचा, तोही लाल म्हणून. बऱ्याच हॉटेलांत सकाळीच ग्रेव्ह्यांची पातेली तयार करून ठेवतात. एक लाल, एक पिवळी, एक पांढरी. तुम्ही पनीर मागा, कोंबडी मागा, मटण मागा. तीच पळी त्याच पातेल्यात जाते. मटण निराळं शिजवून ठेवलेलं असतं. म्हणजे ग्रेव्ही आणि बोकड यांची पहिली भेट तुमच्या ऑर्डरीनंतर, मोठ्या आचेवर, चार मिनिटांची. एवढ्या ओळखीवर आपल्याकडे पूर्वी लग्नं होत असत हे खरं, पण त्यांना पुढे मुरायला चाळीस वर्षं मिळत. इथे लगेच वाढायचं असतं.

ही सगळी बाजू मी घरात मांडली. चिरंजीव मोबाइलात बघत होते. सूनबाई मात्र ऐकत होत्या, आणि ऐकणारा श्रोता फार धोक्याचा. मी बोलण्याच्या भरात कुकरवरही तोंडसुख घेतलं, की शिट्ट्या मोजून मटण शिजवणारी ही पिढी, वगैरे. त्या शांतपणे म्हणाल्या, "बाबा, पण कुकर काढलाच मुळी हाडांसाठी." मी म्हटलं, "कोणी?" तर म्हणे देनी पापँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं. १६७९ साली त्यानं घट्ट झाकणाचं भांडं काढलं आणि १६८१ मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. भांड्याचं काम पुस्तकाच्या नावातच होतं: हाडं मऊ करणं.

माझी बोलती बंद झाली. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा फ्रेंच माणूस माझ्या सुनेच्या बाजूने साक्ष देईल अशी कल्पना नव्हती. तेव्हा कुकरवरचे आरोप मी मागे घेतो. दाबाखाली पाण्याची उकळी शंभराऐवजी एकशेवीस अंशांच्या आसपास जाते, हाडातला जीव लवकर उतरतो, गॅस वाचतो, सगळं मान्य. माझी तक्रार फक्त झाकणाबद्दल उरते. कुकरचं झाकण एकदा बसलं की आत किती माणसांचं जेवण आहे ते ठरून जातं. मामा आला तरी शिट्टी व्हायची थांबत नाही. ताटली मात्र केव्हाही उचलता येते.

इथवर माझा पक्ष ठीक चालला होता. मग इतका वेळ गप्प बसलेल्या सौभाग्यवती बोलल्या.

"झालं तुमचं?" त्या म्हणाल्या. "आता माझं ऐका. मामा यायचे तुमच्या दारात. या, या, म्हणायचे तुमचे वडील. आणि पाट्यावर खोबरं, तीळ, खसखस वाटत कोण बसायचं? सासूबाईंनंतर तीस वर्षं मी बसले. मिक्सर आला तरी कांदा भाजायला आणि तेल सुटेपर्यंत ढवळायला मीच. तुम्ही रविवारी काय करायचात? पिशवी आणायचात आणि पेपर वाचत विचारायचात, झालं का? रश्श्यात पाणी वाढवायला काय लागतं हो? ताटल्या, भाकऱ्या आणि भांडी वाढायची, ती कोणाला? पोरांना ग्रेव्ही हवी असेल तर करू देत. मला बसायला मिळतं."

वाचकहो, या प्रश्नाला उत्तर नाही. रश्श्यावर प्रेमानं लिहिणाऱ्या पुरुषांनी तो टाळलेलाच बरा असतो. मी टाळणार नाही. रस्सा न मोजता मिळायचा, असं मी वर मोठ्या ऐटीत लिहिलं. तो खाणाऱ्याला न मोजता मिळायचा. करणारीची मोजदाद कोणी ठेवलीच नव्हती. रस्सा घरातून गेला तो चव बिघडली म्हणून नव्हे, तर ती मोजदाद अखेर कोणीतरी केली म्हणून. आणि ती केली हे योग्यच झालं.

पण म्हणून रस्सा गेला पाहिजे, हे मला मान्य नाही. करणारा बदलला की पुरे. मी त्याच दिवशी जाहीर केलं, "आजपासून रविवारचा रस्सा मी करणार. वाटणापासून भांड्यांपर्यंत." सौभाग्यवतींनी कोचावर पाय वर घेतले आणि पेपर उघडला. पंधरा मिनिटांनी म्हणाल्या, "झालं का?"

पहिला रविवार आपत्तीत गेला. खोबरं करपलं. खोबरं आणि खसखस यांना भाजायला एकच वेळ लागतो अशी माझी समजूत होती. ती चूक आहे. दुसऱ्या रविवारी मीठ दोनदा पडलं. त्यावर बटाटे घालून वेळ मारून नेली. बटाटा हा रश्श्यातला जामीन आहे, कोणाचाही गुन्हा अंगावर घेतो. तिसऱ्या रविवारी जमलं. सीना, चाप, थोडी मांडी आणि दोन नळ्या असं मिसळ मटण आणलं. शिजल्यावरचं अळणी पाणी अर्धं बाजूला काढून नारळाच्या दुधाचा पांढरा रस्सा केला. दूध घातल्यावर जोराची उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर फुटतं, हे धोरण मी घरातल्या इतर चर्चांनाही लावणार आहे. उरलेल्या पाण्याचा तांबडा. वर कट असा आला की चिरंजीव मोबाइल ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

तरीही माझी बाजू पुरती सिद्ध झाली नव्हती. पातेलं मोठं होतं, ताटलीत पाणी होतं, पण यायला कोण होतं? आमच्या इमारतीत फोन केल्याशिवाय कोणी कोणाकडे जात नाही आणि फोन केला तर लोक विचारतात, काय झालं? घरं ग्रेव्हीची झाली आहेत. माणशी एक वाटी, हिशेब पूर्ण. दारात अचानक कोणी उभं राहणार नाही याची खात्री झाली, तेव्हाच कुठेतरी रश्श्याचा 'रस्साबिस्सा' झाला असणार.

साडेबाराला बेल वाजली. समोरच्या बिऱ्हाडातले गृहस्थ होते. सात वर्षांत आमचं बोलणं लिफ्टमध्ये झालेलं, तेही 'वर की खाली' एवढंच. म्हणाले, "पाण्याच्या टाकीच्या मीटिंगचं विचारायला आलो होतो." मी म्हटलं, "मीटिंग तर गेल्या रविवारी झाली." ते म्हणाले, "हो का?" आणि तिथेच उभे राहिले. उजवा हात पाठीमागे होता. मी जरा वाकून पाहिलं. हातात स्टीलचा डबा होता. झाकणासकट.

"घरी सगळे शाकाहारी हो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "फोडी नकोत. नुसता रस्सा असला तरी..."

"डबा कशाला?" मी म्हटलं. "आत या. अगदी वेळेवर आलात."

सौभाग्यवतींनी पेपर खाली घेतला. मी आत गेलो, ताटली उचलली आणि पाणी पातेल्यात ओतलं.